अर्धी होडी

तिकीट दोन युरो. सुटे नसले तर राहू द्या,
जाताना बरणीत टाका काय असेल ते.
बूट तेवढे पुसा. फळ्यांना वाळू चावते.

हे पूर्वी मिठाचं कोठार होतं.
दमट दिवसांत भिंती अजून पाझरतात,
एकदा जीभ लावून पाहिली मी. खारटच.

काचेखाली कप्तान टाम्मेकचं होकायंत्र.
ते हल्ली उत्तर दाखवत नाही,
रेडिएटरकडे बघत बसतं.
या शाळेतल्या पोरांनी मारलेल्या गाठी;
चौथी सारखी सुटते, दर शनिवारी मी पुन्हा बांधते.

आणि ही होडी. म्हणजे अर्धी, नाळेकडची.
पंचेचाळीस साली सैनिक आले,
कुणी रात्रीत स्वीडन गाठू नये म्हणून
किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या होड्या मधोमध कापल्या.
करवत आमच्याच आडू सुताराची.
पावती दिली म्हणतात तिची.
मागच्या अर्ध्याचं आडूने खुराडं केलं,
वीस वर्षं गावाने त्यातली अंडी खाल्ली.
करवतही आहे, ती तिकडे, खिडकीपाशी.
होडीशेजारी ठेवायचा धीर होत नाही मला.

गेल्या ऑगस्टमध्ये एक बाई आल्या, गोटेबोर्गहून,
नातवाचा दंड धरून.
फोटो भरभर पाहिले, आणि थांबल्या
या दुधाच्या पातेल्यापाशी. मी चिठ्ठी लावली होती:
'स्वयंपाकाचे भांडे, सुमारे १९४०.'
हसल्या. मग आमच्या एस्टोनियनमध्ये बोलल्या,
सहा वर्षांच्या पोरीचे शब्द, ऐंशीच्या तोंडात:
'हे नाही, पण अस्संच.
याने पाणी उपसत होतो, आई, मी आणि सालमे.
रात्रभर.
पहाटे सालमे म्हणाली, हात दुखतो.
मग ती...'
नातवाने पाण्याची बाटली पुढे केली.
मी खुर्ची दिली. प्रदर्शनातलीच, दोर ओलांडून.

संध्याकाळी चिठ्ठी बदलायला घेतली.
'स्वयंपाकाचे' खोडलं. पुढे काही सुचेना.
शेवटी नुसतं वजन लिहिलं:
रिकामं, सातशे ग्रॅम.
भरलेलं, दोन किलो सातशे.
मोजलं मी, नळाखाली धरून,
मासळीवाल्या कात्रीनचा काटा मागून आणला.

तुम्हीही उचलून बघा. याला हात लावायला मनाई नाही.
फक्त परत खिळ्याला टांगा,
तोंड भिंतीकडे, नाहीतर धूळ बसते.