पेटीवरचं नाव

खानापुरात त्या रात्री वीज गेली नाही, हेच नवल.
पास्कूच्या घरी टीव्हीवर
दगडाची पेटी दाखवत होते,
गुडघ्याएवढी, झाकण तडकलेलं,
आणि मागं ढोल असे वाजत होते
जणू पेटी आत्ता शिंकेल.
निवेदक म्हणाला, आत हाडं होती.
निवेदक म्हणाला, बाहेर नाव आहे.
कुणाचं? तर सिमेंटची जाहिरात.

बस्त्यावनं रागानं रिमोट मागितला, कुणी दिला नाही.
कार्मिणनं क्रुसाची खूण केली आणि खुर्ची पुढं ओढली.
हुबळीचा तिचा जावई, सायन्सचा मास्तर,
म्हणाला, डीएनए.
एवढंच म्हणाला आणि बशीतला चहा संपवला.
रविवारी फादर पंचवीस मिनिटं
त्या पेटीवर रागावले.
ज्यांनी बघितलं नव्हतं
त्यांनी सोमवारी बघितलं.

मी नावं कोरतो.
चिऱ्यावर अक्षर टिकत नाही, काळा दगड बाहेरून येतो.
एका मयताला कधी दोन लिप्या, कधी तीन;
घरातली भांडणं मिटेपर्यंत दगड माझ्या अंगणात पडून.
मरीया इतक्या कोरल्यात
की रीची वेलांटी न बघता वळते.
आमच्या शिमितेरीत अकरा मरीया, नऊ जुझे.
त्यातले दोघे शेजारी झोपलेत
ज्यांचं बांधावरून तीस वर्षं बोलणं नव्हतं.
पुढंमागं कुणी ढोल घेऊन आला
तर त्यांचं लग्न लावून देईल.

आणि नाव लिहिलं म्हणजे ठरलं,
हे इथं कुणी सांगू नये.
इथं पाट्यांवर डांबर बघतच मी मोठा झालो,
डांबरावर रंग, रंगावर पुन्हा डांबर.
दिल्लीला कागद गेले गठ्ठ्यांनी,
तारीख पडते, पुढची पडते.
गाव सकाळी उठतं, म्हशी पिळतं,
दोन्ही भाषांत शिव्या देतं.

असं मी पास्कूला म्हणालो. तो हसला.
खरं मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाबाची जागा सहाव्या वर्षी दुसऱ्याला लागली.
जागा कमी, माणसं मरतच होती.
मीच उतरलो खाली.
माती ओली, लाल; कवटी तिच्याच रंगाची झालेली.
आईनं एकेक हाड मलप्रभेच्या पाण्यानं पुसलं,
कपाळ आधी, ताप बघतात तसं.
बिस्किटाच्या मोठ्या डब्यात बाबा मावला.
मांडीचं हाड तिरपं ठेवावं लागलं.
आणि मी, गावभर दगडात नावं खोदणारा,
डब्यावर खडूनं लिहिलं,
नंतर नीट करू म्हणून.
भिंतीच्या कोनाड्यात चार डबे आहेत आता.
दमटपणानं खडू उडाला. चारही सारखेच गंजलेत.
मी दोन नोव्हेंबरला चार मेणबत्त्या लावतो.

तो उठला, हे मी मानतो.
मानतो म्हणजे, पहाटे मानतो,
रात्री अडीचला पेटीचं झाकण मला दिसत राहतं
आणि मी मनात बोट फिरवून बघतो
अक्षर किती खोल आहे,
कोरणाऱ्याला घाई होती का,
त्याचा हात थरथरला का.

रोजालिन मावशीला ऐकू येत नाही.
तिनं सगळा कार्यक्रम ढोलाशिवाय बघितला.
शेवटी एकटीच बोलली, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं:
"बघून झाल्यावर हाडं परत ठेवली ना रे?"
बस्त्याव छताकडं बघत होता.
जावयाकडं याचं उत्तर नव्हतं.

मंगळवारी नंदगडचा एक माणूस आला,
आईसाठी दगड पाहिजे म्हणाला.
नाव? मरीया.
पुढं? आडनाव, साल, गाव?
नको, म्हणाला, अक्षरामागं पैसे घेता तुम्ही.
नुसतं मरीया लिहा.
आम्हाला माहीत आहे की.