दगड होता तसा

या किनाऱ्याला धड नाव नाही.
नकाशावर नुसता करड्या ठिपक्यांचा पट्टा,
लॉख अर्दनच्या कोपरात, जिथे लाट
आलीच तर दारात चपला काढून येते.
ना वाळू, ना चिखल. थोडी खडी,
फुटक्या शिंपल्यांचा चुरा,
हिमनदी विसरून गेली ते धोंडे,
आणि पाय रुतला की खालून
नासक्या अंड्याचा वास.

एप्रिलातली मोठी सुकती, रात्रीचा एक.
एफी मकफेल कपाळाला दिवा बांधून
बादली ढकलते, वाकते, चाचपते.
काळ्या शंखगोगलगायी.
किलोचा भाव व्हॅनवाला ठरवतो,
खाणारे स्पेनमध्ये कुठेतरी.
टाचणीनं काढून खातात म्हणे.

मी नवखा. धोंडा उलटला, तर खाली
अख्खी वस्ती: नांग्या उगारलेली हिरवी चिंबोरी,
काचेची कोळंबी, दोऱ्याएवढा तांबडा किडा,
पोटानं दगडाला चिकटलेला बोटभर मासा
आणि त्याच्या शेजारी त्याची सोनेरी अंडी.
चार गोगलगायी उचलून मी पुढे निघालो.
"छप्पर," ती म्हणाली. एवढंच.
परत येऊन दगड ठेवला.
"तसा नाही. होता तसा."

ओल्या सपाटीवर मातीच्या शेवया,
खाली कुणी तरी किनारा चाळत बसलेलं.
अंधारात लाल चोचीचे पक्षी
भांडून भांडून दमले.

कंबर मोडली तेव्हा ती धोंड्यावर टेकली.
शेजारी लोळणारं शेवाळ मांडीवर घेतलं,
दिव्याखाली त्याचे फुगे मोजू लागली.
लहानपणी काहीच नाही,
मग वर्षाला एक फुगा धरतं हे.
"हा यंदाचा. हा बोट विकली तेव्हाचा.
हा पुलाचा. हा..."
अंगठा त्या फुग्यावर थांबला.
कातडी हातमोज्याची, ओली,
दाबली असती तर फुटला असता.
मग तो आणि त्याच्या आधीचा
असे दोन वगळून
ती पुढे मोजत गेली, बुंध्यापर्यंत,
आणि झाड होतं तिथेच सोडलं.

भरती आली ती आवाज न करता,
आधी आमच्या पावलांच्या खड्ड्यांत.
बादली नऊ किलो. वर चढताना
मी मागे दिवा फिरवला:
शेकडो धोंडे, सगळे ओले, सगळे सारखे.
माझा कुठला ते कळेना.
म्हणजे बहुतेक
नीट ठेवला असावा.