पन्नास अक्षरांचा शेरा

दुपारी एक वाजता टॅबच बंद पडला.
काळ्या काचेवर सूचना आली:
उपकरण फार तापले आहे. थंड होऊ द्या.
मला अशी सूचना कोणी दिली नव्हती.
एका कुटुंबामागे बावीस रुपये, पेट्रोल माझं,
आणि साकोलीपासून इथवर सावलीची झाडं
मोजून नऊ. रस्ता रुंद झालाय ना.

पुस्तकला नान्हेनं टॅब माझ्या हातून घेतला,
ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या माठाला टेकवला,
फणफणलेल्या पोराला भिंतीशी निजवावं तसा.
म्हणाली, "तू बी बस गा.
तू का कमी तापला हाये?"

प्रश्न अकरा. मासेमारी. वार्षिक उत्पन्न, रुपयांत.
"इकलेले सांगू का खाल्लेले?"
"विकलेले."
"मंग कमीच हाये. ठेकेदाराच्या टायमाले लय होते."

तेव्हा तलावात ट्रॅक्टर घातला होता.
गाद, चिला, पोवन, सगळं उपटून काठावर वाळवलं,
रोहू-कटल्याचं बीज पिशव्यांतून सोडलं.
दोन वर्षं टेम्पो भरभरून गेले.
तालुक्याच्या अहवालात आलेख चढला;
तो मीच रंगवला होता, निळा.
तिसऱ्या वर्षी शिंगूर नाही, मरळ नाही,
काठावर बेशरम माजली,
आणि मे महिन्यात तळाच्या भेगांत
पोरांच्या चपला अडकू लागल्या.

मग दहा-बारा बायका गुडघाभर चिखलात उतरल्या.
पलीकडच्या गावच्या बोडीतून डोक्यावर गाद आणली,
धान रोवतात तशी मुठीमुठीनं रोवली.
रोजी कोणी दिली नाही,
म्हणून माझ्या यादीत ते काम नाही.
आता डडक परतलाय.
पुस्तकलाची नात रात्री काटा काढत काढत जेवते,
आणि ती मासोळी तराजूत चढली नाही म्हणून
जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या
कुठल्याच उत्पन्नात नाही.

दीर मात्र आहे. देवाजी.
टॉवरच्या कामावर उन्हात कोसळला,
आठ दिवस भंडाऱ्याला, सलाईन, तपासण्या, अठरा हजार.
तो आकडा रकान्यात लगेच बसला.
माणूस पडला
आणि कुठंतरी वाढ झाली, दशांशानं का होईना.

त्या टॉवरच्या तारा गावावरून जातात.
पहाटे कान दिला तर गुणगुणतात.
इकडचाच कोळसा जळतो, उजेड
घरं ओलांडून मावळतीकडे निघून जातो,
मागं राहते ती धग. तिला मीटर नाही.

"एक पुसू, बाबू?
ज्यायनं तुले धाडलं, त्यायच्या घरी
कोन जाते पुसाले?
का का हाये, किती हाये,
अन् कवा पुरे होईन?"

पुरे.
मनातल्या मनात मी पर्याय वरखाली सरकवले.
नाही. अपुरे. अंशतः. लागू नाही.

टॅब उजळला, काचेवर माठाचं पाणी.
प्रश्न बारा: घरात एसी आहे का? कूलर?
ती काही बोलली नाही, तलावाकडे बघत राहिली.
तिकडून येणाऱ्या वाऱ्यात, जांभळीखाली,
सात-आठ म्हाताऱ्या लुगड्यांचे पदर ओले करून
दुपार काढत होत्या. एक तर चक्क घोरत होती.
मी "नाही"वर बोट ठेवलं.

शेवटी शेरा. फक्त पन्नास अक्षरं.
लिहिलं: इथं पाणी आहे. वाटून घेतात.
थोडी जागा उरली. "पुरे" बसत होतं.
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
नेटवर्क नव्हतं, ते तसंच साठवून ठेवलं.

निघताना तिनं पळसाच्या पानात चार मासोळ्या बांधल्या.
किंमत विचारली तर हसायला लागली.
पुडा हँडलला लटकवला.
अजून बावन्न कुटुंबं.
शेहेचाळीस अंश.