माणशी

ऑगस्टची चौदा. टेबलावरचा पंखा नुसती मान हलवतो,
नाही, नाही.
मी लंडन ब्रिजपाशी, दुसऱ्या मजल्यावर, बूट काढून
नाताळच्या जेवणासाठी फोन फिरवते आहे.

"डिसेंबरातला दुसरा गुरुवार? अहो, तो मार्चमध्येच गेला."
आवाज असा, की मी सांत्वनालाच फोन केलाय.
तिसरा एका बँकेनं घेतला, माणशी अडुसष्ट पौंड,
वाइन वेगळी, वाढणाऱ्यांचे वेगळे.
सोमवार आहे.
सोमवार सगळ्यांकडेच असतो.

आम्ही बेचाळीस. लिफ्ट दुरुस्त करतो.
साहेबांचं म्हणणं, जागा झकास हवी, बिल बेताचं,
आणि हे ते मीठ मागावं इतक्या सहज म्हणतात.
झिद्रूनासला बदाम सोसत नाहीत.
इद्रिसूला डुकराचं मांस चालत नाही,
आणि त्याबद्दल चारचौघांत विचारलेलंही.
हिशेबातल्या मोरॅगनं फॉर्मवर लिहिलंय:
टर्कीशी माझं वैर नाही,
तिच्या मागून येणाऱ्या त्या बुटक्या कोबीशी आहे.

एकतिसाव्या मजल्यावरचा बार पाहिला. काचेखाली सगळी थेम्स,
सांडलेल्या चहासारखी.
फोटो दाखवला, तर झिद्रूनासनं नदीकडे पाहिलंच नाही.
"दोन नंबरची लिफ्ट. मी ओळखतो तिला," म्हणाला,
सोयरीक मोडताना घराण्याबद्दल बोलावं तसं.
मग चर्चखालचं तळघर. पॅट्रिकची व्हीलचेअर कशी उतरणार?
"चार उचलणारे मिळतील की."
हे लिफ्टवाल्यांना सांगताय.

ऑक्टोबरात, व्हॉक्सहॉलला, रेल्वेच्या कमानीखाली
दोना लुसिंडाची खानावळ.
तळमजला. उंबरासुद्धा नाही.
टर्की नाही, खारवलेला कॉड, बटाटे,
कोबी आहे, पण चांगला डोक्याएवढा.
तिसरा गुरुवार? रिकामा. अनामत?
तिनं ओशट वही काढली, कानामागची पेन्सिल काढली.
"किती?"

इथं मी दरवर्षी अडते.
बेचाळीस म्हणावं, तर त्या आठवड्यात अख्खं शहर वर चढतं,
चमचमते कपडे घालून, आठांच्या पेटीत अकरा,
आणि मधेच थांबतं. मग फोन आम्हाला.
मागच्या वर्षी सतरा ताटं तशीच परत गेली.
सतरा कागदी मुकुट मी घरी नेले,
एक मांजरीनं फाडला, बाकीचे अजून खणात आहेत.

लुसिंडा म्हणाली, "आकडा नंतर सांग.
भांडं चुलीवरच असतं."

नऊ वाजून दहा. मासा आत्ता कुठं टेबलावर आलाय.
फोन. तेविसाव्या आणि चोविसाव्याच्या मधे, अकराजण.
बँक. तीच.
इद्रिसू उठला, झिद्रूनास उठला,
हातात हत्यारांची पेटी, डोक्यावर मुकुट तसेच,
आणि मोरॅग त्यांच्या ताटांवर ताटं पालथी घालत पुटपुटली
ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साडेअकराला साहेब भाषण करून गेले.
साडेबाराला पोरं नाचून दमली.
दीड वाजता दार ढकललं गेलं. आधी ते दोघं,
कोपरापर्यंत ग्रीस,
आणि मागून आणखी पाच, बायकांच्या हातात उंच टाचांचे बूट,
एकाच्या छातीवर अजून नावाची पट्टी.
वरचं स्वयंपाकघर बाराला बंद झालं म्हणे.
अडुसष्ट पौंड, आणि पोटात फक्त दोन ऑलिव्ह.

कुणी काही बोललं नाही.
पॅट्रिकनं आपली खुर्ची जराशी मागं घेतली, जागा केली.
लुसिंडानं वही उघडली, पेन्सिल उलटी धरली,
खोडलं, फुंकर मारली,
आणि मान वर न करता विचारलं,
"किती?"