घोड्याचा पाचवा पाय

पोस्टकार्ड वाचू नये, असा कुठे लेखी नियम नाही.
पण आपण वाचत नाही.
बोट पत्त्यावर, नजर रस्त्यावर,
नव्या पोराला शिकवताना निदान मी असंच सांगतो.

नवं पोर तरी आता कुठे येतं.
पूर्वी नोशिरोत एक जानेवारीच्या पहाटे
कार्डांचे गठ्ठे हनुवटीला टेकायचे,
रोजंदारीवरची शाळकरी मुलं, बर्फात आडव्या सायकली.
यंदा माझी पिशवी दहालाच रिकामी,
आणि मी मशीनची गरम कॉफी पीत उगाच उभा.

हाताकेयामा किनुए, गल्लीतलं शेवटचं घर.
तिला डिसेंबरातच एक कार्ड आलं होतं. छापील.
"वय झालं. डोळे साथ देत नाहीत.
यापुढे नववर्षाची कार्डं थांबवत आहे.
आजवरच्या लोभाबद्दल ऋणी."
असली कार्डं हल्ली ढिगानं येतात,
छापखान्यात मजकूर तयार असतो, नाव तेवढं भरायचं.
पण खाली कोपऱ्यात पेन्सिलीची एक ओळ,
उतरणीवरून घसरत गेलेली:
तुझा घोडा तेवढा बघायचा राहिला.

हे मी वाचलं. कबूल करतो.

जानेवारी संपता संपता तिनं दारातच मला थांबवलं.
हातात कार्ड, बोटं शाईनं निळी.
बर्फात पेटीपर्यंत जाववत नाही, म्हणाली,
आणि मग विचारलं नसताना सगळं सांगितलं.
इचिनोमियाची सूतगिरणी, वसतिगृहात शेजारी शेजारी अंथरुणं,
सादा रात्री झोपेत धागे जोडायची, हवेत.
मग सादा लग्न करून दक्षिणेला, अमाकुसाच्या बेटावर,
ही इकडे उत्तरेला.
साठ वर्षांत भेट नाही. फोनही दोनदाच,
दोन्ही वेळा कुणीतरी गेलं होतं म्हणून.
बाकी सगळं बटाट्यावर.
अर्धा कापायचा, पुसायचा, चाकूनं त्या वर्षाचं जनावर कोरायचं.
ससे जमले, डुक्कर तर फारच छान,
घोडा मात्र दर बारा वर्षांनी फसला.
हा सहावा.

"थांबव म्हणणारीला नव्या वर्षाचं कार्ड पाठवणं बरं दिसत नाही.
थंडी फार आहे, कशी आहेस, एवढं विचारायला काय हरकत?"

नातवानंही घोडा पाठवलाय, तिनं फोन दाखवला.
साप्पोरोहून. नाचतो, खिंकाळतो, टोपी काढून वाकतो.
ती हसली, मलाही हसू आलं, तीनदा बघितला.
चौथ्यांदा शोधताना तो वर कुठेतरी निघून गेला होता,
दाताच्या डॉक्टरच्या वेळा आणि पावत्यांच्या पलीकडे.
"चपळ आहे," ती म्हणाली. तक्रार नव्हती तीत.

तिचा घोडा मी गाडीत नीट पाहिला.
मान बरी होती. पाठीवर बटाट्याचा डोळा उमटलेला,
जीन घातल्यासारखा.
पत्ता लिहिताना हात दोनदा थांबला असावा,
शाई तिथे साचली होती.

मार्चमध्ये उत्तर आलं. बर्फ गटारांतून वाहत होता.
अक्षर तरुण, अनोळखी, बहुधा नातीचं:
आजीनं बोटांनी मोजलं. तुमच्या घोड्याला पाच पाय आहेत.
ती दोन दिवस हसतेय. बारा वर्षांनी सुधारा, म्हणते.

मी बेल वाजवली. खरं तर कार्ड पेटीत टाकायचं असतं.
ती वाचत असताना मी बूट झटकत राहिलो.
"शेपूट आहे ती," किनुए-सान रागानं म्हणाली,
"आंधळीला शेपूट कळत नाही,"
आणि दार लावायचंच विसरली.

माझा भाऊ ओसाकात असतो.
बाबांच्या अंत्यविधीनंतर आम्ही बोललो नाही.
नवीन वर्षाला मी त्याला चित्र पाठवतो, तयार असतं ते,
खाली 'वाचलं' उमटतं, आणि आमचं वर्ष संपतं.

त्या संध्याकाळी मी दोन बटाटे घेतले.
एकाचं सूप झालं.
दुसरा खिडकीत आहे अजून,
त्याला कोंब फुटलेत,
आणि यंदाचं जनावर
मला काढता येत नाही.