एकच नग

उद्यमनगरात माझं लेथ मशीन. दिवसभर पिस्टनच्या पिना.
रात्री जेवणं झाली की दस्तगीर शिकलगार येतो,
पाकिटातून फोटो काढतो
आणि टेबलावर पालथा ठेवतो, पत्त्यासारखा.
"सांग."

आम्ही दोघंही कधी विमानात बसलेलो नाही.
उजळाईवाडीच्या तारेला नाक लावून उभे राहिलोय, तेवढंच.
पण अर्धी शेपटी द्या, धुरकट,
पुढं कुणीतरी हॅटवाला आडवा आलेला असू दे,
मी सांगतो.
पंख वरचा की खालचा, दांड्या किती,
चाकांना बूट आहेत का,
इंजिनाचं थोबाड गोल की मुस्कट लांब.
'पुष्पक' तर झोपेतून उठवलं तरी ओळखू.
'बसंत' एकदाच गावलं, पिकावर औषध मारणारं,
कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत, वऱ्हाडाच्या मागं.
नवरा-नवरीला आम्ही अजून बघितलेलं नाही.

परवा रत्नमाला आडनाईक आल्या, फोटो पदरात धरून.
त्यांचे आबा. फौंड्रीत मोल्डर होते.
लढाईच्या साली कुणा साहेबानं
पन्हाळ्यावरनं फिरवून आणलं होतं म्हणे.
"विमान कुठलं तेवढं सांगा. नातू विचारतोय."

भिंग लावलं.
दांड्या नाहीत. खिडकी एक.
पंखाची सावली ढगावर पडलेली,
आणि ढगाला मधोमध घडी.
पंखा दोन लाकडी स्क्रूंवर बसवलेला,
त्यातला एक तिरका गेलेला.
मग पोटाखाली बघितलं.
दोन चाकं. त्यांच्या मधे
दोन पाय,
कापशी चपलेत.

मी दस्तगीरकडं बघितलं. तो शेपटीकडं बघत होता.
शेपटीवर 'को १३'.
'को'च्या मात्रेला वर एक झोकदार वळण,
मिशीला पीळ दिल्यासारखं.
"आमच्या मामूचं अक्षर," तो हळूच म्हणाला.
"बाबालाल पेंटर. तालमीच्या पाट्या, टांग्यांचे नंबर,
आणि जत्रेतल्या फोटोवाल्यांचे पडदे."

बाई वाट बघत होत्या.
"लई दुर्मिळ आहे, ताई," दस्तगीर म्हणाला,
"जगात एकच नग झाला. हितंच, कोल्हापुरात."
"उडालं होतं ना?"

एका रिव्हेटवरनं आम्ही अख्खी रात्र भांडलोय.
खोटं ओळखणं म्हणजे चोरी, असं मीच म्हणतो नेहमी.
पण आबांनी फळीची कड अशी धरली होती
की बोटांची पेरं पांढरी दिसत होती,
आणि डोळे बारीक केलेले,
समोरून वारा लागल्यावर करतात तसे.

होय म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही.
भिंग त्यांच्या हातात दिलं.

लई वेळ बघत होत्या.
वरून खाली येत येत पोटाखाली थांबल्या.
मला वाटलं आता रडतील.
"या चपला आईनं घेतलेल्या," त्या म्हणाल्या,
आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला.
"नातवाला काय सांगू?"
"नंबर सांगा," दस्तगीर म्हणाला. "को तेरा."

त्या गेल्यावर वहीत नोंद केली.
बनावट: बाबालाल पेंटर. सामान: फळी, पत्रा, ऑइल पेंट.
इंजिन नाही.
आसनं: एक, उभ्यानं.
कमाल उंचीच्या रकान्याशी पेन अडलं.
दस्तगीरनं पेन घेतलं, टोपण लावलं,
चहा न घेताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मशीनवर
पिनामागून पिना निघत होत्या,
माझ्या डोळ्यांपुढं तो तिरका स्क्रू.
बाबालालमामू, एवढं चुकून कसं चालंल?
पन्हाळ्यावर वारा केवढा असतो.
माणूस बसलेलं होतं की आत.