मध्ये दोनच होड्या

मिरकरवाड्यात होड्या एकमेकींना खेटून होत्या
आणि माणसं लांब.
टेकराज बोहरा, नेपाळातल्या अछामचा, ट्रॉलरवरचा खलाशी.
सत्तेचाळीस दिवस जमिनीला पाय नाही.
तांडेल घरी. मालक फोनवर.
मी संध्याकाळी दोरीवरून डबा सरकवायचो:
भात, बांगड्याचं सार,
कधी नुसतं सार.

आधी तो जाळं शिवायचा.
मग शिवलेलंच उसवायला लागला,
सुतळीचा गुंडा करून ठेवायचा
घरून कुणी मागवल्यासारखा.

"झोप लागते का रे?"
"डोळे मिटले की बोट चालायला लागते, चाचा.
उघडले की तिथंच."

माझं तरी काय.
मोहल्ल्याच्या तोंडाशी बांबू आडवा घातलेला,
आणि तीस वर्षं माझ्याकडून बर्फ नेणारी पारू भाटकर
पैसे दगडाखाली ठेवून मागं सरकली.
तो दगड मी अजून हलवलेला नाही.

तपासणीवाले आले,
कपाळावर यंत्र धरलं. सत्त्याण्णव. ठीक.
लिहून घेतलं, गेले.

मग डबा भरलेलाच परत आला.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी लुंगी खोचली,
दोन होड्या ओलांडल्या, शेजारी जाऊन बसलो.
तो उसवत राहिला.
मी गुंडाळत राहिलो.

मगरिबची बांग झाली. खिशात एकच खजूर,
अर्धा त्याला दिला.
बी त्यानं बराच वेळ मुठीत धरली.
मग म्हणाला,
"चाचा, किनारा हलतोय ना?"

हो, म्हटलं. मलाही दिसतंय.